अपेंडिक्सचं ऑपरेशन: दुर्बिणीने की चीर देऊन? मुंबईतल्या पेशंटच्या घरच्यांसाठी

अपेंडिक्सचं दुखणं उठलं की सकाळपर्यंत घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "हल्ली सगळं दुर्बिणीनेच होतं, पोट फाडतं कोण?" दुसरा म्हणतो, "मामाचं साधं ऑपरेशन झालेलं, पंचवीस वर्षांत तक्रार नाही." दुर्बीण म्हणजे छोट्या छिद्रांतून कॅमेरा घालून (लॅपरोस्कोपी), चीर म्हणजे पोट उघडून. खरं दोघांचंही आहे, पण हा वाद दुसऱ्या नंबरचा. आधी कळायला हवं की अपेंडिक्स नुसतं सुजलंय की फुटलंय, आणि आज, या वेळेला, या हॉस्पिटलात ऑपरेशन करणारा हात कोणत्या पद्धतीला सरावलेला आहे. एवढं कळलं की दुर्बीण की चीर हे बहुतेकदा आपोआप ठरतं.

१. दुखणं ओळखा, आणि घरगुती उपाय थांबवा

नेहमीचा क्रम असा: आधी बेंबीभोवती मोघम दुखतं, जेवण नको वाटतं, एखादी उलटी होते. मग सहा ते बारा तासांत दुखणं उजव्या बाजूला खाली सरकतं. बेंबीपासून उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढा; बेंबीपासून दोन तृतीयांश अंतरावर बोट ठेवलं की माणूस कळवळतो. खोकताना दुखतं. रिक्षा स्पीडब्रेकरवरून गेली की कळ येते. ही खूण इतकी उपयोगाची आहे की डॉक्टर मुद्दाम विचारतात, आणि आपल्याकडचे रस्ते ती तपासणी फुकटात करून देतात.

एरंडेल किंवा जुलाबाचं औषध देऊ नका. गरम पाण्याची पिशवी नको, पोट चोळायला तर कुणाला बोलावूच नका. हिंगाचा लेप लावल्याने नुकसान नाही, पण त्यात जाणारे सहा तास महाग पडतात. वेदनाशामक गोळी दिली असेल तर लपवू नका. नाव आणि वेळ कागदावर लिहून ठेवा.

सगळ्यात फसवी गोष्ट: रात्रभर तळमळणाऱ्या माणसाला पहाटे एकदम बरं वाटतं. घरचे म्हणतात, गॅस होता, गेला. अपेंडिक्स फुटलं की आतला ताण सुटतो आणि दुखणं काही तास उतरतं. त्यानंतर ताप चढतो आणि पूर्ण पोट लाकडासारखं कडक होतं. उजवीकडे दुखून अचानक थांबलं, तरी दाखवायला न्याच.

दुखणं सुरू झाल्यापासून ३६ तास उलटले की फुटण्याचा धोका वाढत जातो. म्हणून "कधीपासून दुखतंय" याचं उत्तर "कालपासून" असं नको, "काल रात्री नऊपासून" असं द्या.

२. कुठे न्यायचं

हे ऑपरेशन मोठ्या नावाच्या हॉस्पिटलातच व्हायला हवं असं नाही. जनरल सर्जन, भूलतज्ज्ञ, चोवीस तास सोनोग्राफीची सोय, आणि फुटलेलं निघालंच तर आयसीयू किंवा आयसीयूत हलवण्याची व्यवस्था, एवढं पुरे. पावसाळ्यात एक जास्तीचा हिशोब करावा लागतो: हिंदमाता किंवा गांधी मार्केटला पाणी भरलं असताना शहर ओलांडून नामांकित डॉक्टर गाठण्यापेक्षा रेल्वेच्या आपल्याच बाजूचं हॉस्पिटल बरं. १०८ ला फोन केला की सरकारी रुग्णवाहिका येते.

परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर ही महापालिकेची, भायखळ्याचं जे.जे. राज्य सरकारचं. इथे ओपीडीच्या रांगेत उभं राहू नका, थेट कॅज्युअल्टीत जा. तिथली पद्धत माहीत हवी: सर्जरीची वेगवेगळी युनिटं असतात आणि प्रत्येकाचा इमर्जन्सीचा दिवस ठरलेला असतो. तुम्ही ज्या दिवशी पोचता त्या दिवशीच्या युनिटचे तुम्ही पेशंट होता, आणि पुढे टाके काढण्यापासून रिपोर्टपर्यंत सगळं त्याच युनिटच्या ओपीडीच्या वारी. केसपेपरवर युनिटचं नाव आणि ओपीडीचा वार लिहिलाय का पाहा. हा कागद हरवला तर दहा दिवसांनी जखम दाखवायला आलेला माणूस खिडक्या हिंडत बसतो.

रात्री दोन वाजता सार्वजनिक हॉस्पिटलात दुर्बिणीचं ऑपरेशन होईलच असं धरून चालू नका. कॅमेऱ्याची ट्रॉली मोकळी हवी, सेट निर्जंतुक केलेला हवा, दुर्बिणीचा अनुभव असलेले वरिष्ठ हजर हवेत. तिन्ही जुळलं नाही तर चीर देऊन करतात. तेच हात ते ऑपरेशन आठवड्याला कित्येकदा करतात, त्यामुळे यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही.

३. पिशवीत काय हवं

- पेशंटचं आधारकार्ड, आणि सही करणाऱ्या नातेवाइकाचंही
- रेशनकार्ड, कोणत्याही रंगाचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी लागतं. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा डेस्क असतो, "या हॉस्पिटलात हे ऑपरेशन योजनेत बसतं का?" हा प्रश्न तिथे, ॲडमिट होतानाच विचारा. यादीतल्या प्रत्येक हॉस्पिटलात प्रत्येक ऑपरेशन योजनेतून होत नाही
- मेडिक्लेमचं कार्ड किंवा पॉलिसीची पहिली दोन पानं, पॅनकार्ड
- ईएसआयसी (कामगार विमा) असेल तर त्याचं कार्ड
- आधीचं ऑपरेशन, दमा, रक्तदाब, मधुमेह यांचे कागद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिची पट्टीच घेऊन या
- या दुखण्यात आतापर्यंत काढलेले रिपोर्ट, मूळ प्रती

फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी असेल तर उत्तम, नसली तरी कॅज्युअल्टीतून परत पाठवत नाहीत.

मेडिक्लेमवाल्यांसाठी एक सापळा. डॉक्टर विचारतात, "आधी कधी दुखलं होतं?" घाबरलेली आई सांगते, "दोन वर्षं अधूनमधून दुखतंच." ते केसपेपरवर उतरतं आणि कंपनी आजार जुना असल्याची शंका काढते. खोटं सांगायचं नाही, पण दोन वर्षांची ॲसिडिटी आणि कालपासूनचं उजवीकडचं दुखणं ही दोन दुखणी वेगळी असतील तर वेगळी सांगा.

४. तपासण्या

रक्ताच्या तपासण्या, लघवी, सोनोग्राफी. वयात आलेल्या मुली आणि बायका गरोदर आहेत का याची तपासणी होतेच, कारण गर्भनलिकेतला गर्भही असाच दुखतो. त्यावरून घरात कुणी भुवया उंचावू नयेत.

"अपेंडिक्स दिसलं नाही" याचा अर्थ "अपेंडिक्स चांगलं आहे" असा नाही. गॅस फार असला, माणूस जाड असला किंवा अपेंडिक्स आतड्याच्या मागे दडलेलं असलं की सोनोग्राफीत ते सापडत नाही. अशा वेळी सीटी स्कॅन सांगतात आणि तो पैशाला जागतो: जाडी ६ मिलिमीटरच्या वर आहे का, आत खडा आहे का, बाहेर पू आहे का, हे तिन्ही कळतं. पुढचा निर्णय या तीन गोष्टींवरच ठरतो.

५. ऑपरेशन थिएटरमध्ये नेमकं काय होतं

*चीर देऊन.* उजव्या बाजूला खाली, त्याच दुखऱ्या बिंदूवर साधारण ५ ते ७ सेंटिमीटरची तिरकी किंवा आडवी चीर. अमेरिकन सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये तो बिंदू आणि १८९४ मध्ये ही चीर मांडली. तिची खुबी अशी की स्नायू कापत नाहीत, त्यांचे धागे ज्या दिशेने जातात त्या दिशेने ते नुसते फाकवतात. अपेंडिक्स काढलं की ते आपोआप मिटतात, म्हणून जखम मजबूत भरते आणि हर्निया क्वचितच होतो. कमरेतून भूल देऊनही हे करता येतं. मात्र अपेंडिक्स फुटून पू सगळीकडे गेला असेल तर ही छोटी चीर अपुरी पडते. मग बेंबीखाली मधोमध उभी, मोठी चीर द्यावी लागते.

*दुर्बिणीने.* पूर्ण भूल, घशात नळी. बेंबीपाशी १० मिलिमीटरचं छिद्र, त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडून पोट फुगवतात. दाब साधारण १२ ते १४ मिलिमीटर पारा. हाच वायू का? तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. मग कॅमेरा आत जातो. आणखी दोन छिद्रं, बहुतेक ५ मिलिमीटरची, एक ओटीपोटावर आणि एक डाव्या बाजूला. ओटीपोटावरचं छिद्र मूत्राशयाच्या अगदी जवळ असतं, म्हणून आत नेण्याआधी लघवी करून यायला सांगतात. ते टाळू नका, नाहीतर नळी घालावी लागते.

अपेंडिक्सची रक्तवाहिनी बंद करतात, बुडाशी दोऱ्याचे दोन फास आवळतात, मधून कापतात आणि तुकडा पिशवीत घालून बेंबीतून काढतात. ही पिशवी महत्त्वाची. सडका तुकडा नुसता ओढून काढला तर बेंबीच्या जखमेत पू धरतो. बूड कुजलेलं असेल तर फास धरत नाही, तिथे स्टेपलर लागतो आणि बिल हजारांनी वाढतं.

जगात दुर्बिणीने पहिलं अपेंडिक्स काढलं ते जर्मनीतल्या कील शहरात, १९८० मध्ये, आणि तेही एका स्त्रीरोगतज्ज्ञाने: कुर्ट झेम यांनी. मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये जे.जे.मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढलं. देशात या शस्त्रक्रियेची वाट तिथून रुळली. थोडक्यात, दुर्बीण ही कालपरवाची फॅशन नाही.

६. मग कुणाला काय?

दुर्बिणीचा खरा फायदा कुठे मिळतो ते पाहा. जाड माणसाला: चरबीच्या थरातून पोचायला चीर मोठी लागते आणि मोठी चीर पिकते. तरुण मुलींना: दुखणं अपेंडिक्सचं की अंडाशयाच्या गाठीचं, हे कॅमेऱ्यात थेट दिसतं. निदान पक्कं नसलेल्या कुणालाही: बेंबीतून पूर्ण पोट पाहता येतं, चिरेतून हातभर अंतरावरचंही दिसत नाही. जखम पिकण्याचं प्रमाण दुर्बिणीत कमी, मुक्काम साधारण एक दिवसाने कमी, कामावर परतणं लवकर.

आता दुसरी बाजू. दोन्ही पद्धतींचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पोटाच्या आत गळू होण्याचं प्रमाण दुर्बिणीत थोडं जास्त आढळलं. म्हणून फुटलेल्या अपेंडिक्समध्ये सर्जनचा अनुभव मोजावाच लागतो: सरावलेला माणूस आधी पू नळीने खेचून घेतो, पाणी ओतून तो पोटभर पसरवत नाही.

सडपातळ पोरगा, पहिला दिवस, निदान पक्कं: इथे दोन पद्धतींत फरक फार थोडा. याच्यासाठी कर्ज काढून, दागिने गहाण टाकून दुर्बिणीमागे धावू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असेल तर पोट फुगवणं सोसत नाही. पूर्वी पोटाची मोठी ऑपरेशनं झालेली असतील तर आतडी चिकटलेली असतात. तिथे सर्जन चीरच सुचवेल, त्याचं ऐका. गरोदरपणात दोन्ही होऊ शकतात, पण थांबून राहणं बाळाला सर्वांत घातक.

फक्त अँटिबायोटिकवर भागेल का? कधीकधी भागतं. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत औषधांवर ठेवलेल्या दहातल्या तिघांना ९० दिवसांत ऑपरेशन करावंच लागलं. आत खडा असलेल्यांत हे प्रमाण जास्त. आठ दिवस अंगावर काढून अपेंडिक्सभोवती आतडी चिकटून गोळा धरला असेल तर मात्र चित्र बदलतं. तेव्हा घाईने हात घातला तर आतड्याला इजा होते, म्हणून आधी औषधं आणि सहा-आठ आठवड्यांनी काढायचं की नाही याचा विचार.

७. सही करण्याआधी विचारा

संमतीपत्रात "दुर्बिणीने, गरज पडल्यास चीर देऊन" असं काहीतरी असतं. ती ओळ वाचा. मध्येच चीर द्यावी लागली तर ऑपरेशन फसलं असं होत नाही. रक्त थांबत नाही किंवा काही ओळखू येत नाही तेव्हा उघडणारा सर्जन शहाणा. पण पुढचे प्रश्न आधी विचारा:

- दुर्बिणीवरून चीर झाली तर पॅकेज कोणतं लागणार?
- स्टेपलर लागला तर तो पॅकेजमध्ये आहे की वेगळा?
- सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांची फी पॅकेजमध्ये धरली आहे का?
- दुर्बिणीचा सेट हॉस्पिटलचा आहे की बाहेरून येणार? निर्जंतुक कसा करतात, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने), ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) वायूने, की नुसता द्रावणात बुडवून?

शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटेल, तरी विचारा. छोट्या नर्सिंग होममध्ये सेट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरतो, आणि दोन ऑपरेशनांमध्ये घाईत द्रावणात बुडवून काढलेल्या हत्यारांवर क्षयरोगाच्या जंतूंच्या जातकुळीतले काही चिवट जंतू टिकतात. जखम छान भरते, टाके निघतात, आणि तीन-चार आठवड्यांनी छिद्राच्या जागी कडक गाठ येऊन पाणी सुटतं. नेहमीची अँटिबायोटिक्स त्यावर चालत नाहीत, कोणते जंतू आहेत ते कळायला पाणी कल्चरला पाठवावं लागतं आणि औषधं कित्येक महिने घ्यावी लागतात.

ॲडमिट झाल्यावर सर्जन म्हणाले की "सकाळी पहिलं घेऊ", तर आरडाओरडा नको. न फुटलेल्या अपेंडिक्सला सलाइन आणि अँटिबायोटिक चालू असताना काही तास थांबलेलं चालतं, आणि सकाळी थिएटरात पूर्ण टीम असते. ऑपरेशनआधी सहा तास जेवण बंद, दोन तास पाणीही. "चहाचा घोट दिला तर काय होतं" म्हणणाऱ्या काकूंना लक्षात ठेवून बाजूला बसवा. दुधाच्या चहाने भूल पुढे ढकलावी लागते.

८. बिल आणि मेडिक्लेम

अचानक ॲडमिट झालात तर २४ तासांच्या आत कंपनीला कळवा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल तर त्यावरची खोली घेऊ नका: जादा भाडं तेवढं भरायचं असं नसतं, त्या प्रमाणात सर्जनची फी, थिएटर असं बाकीचं बिलही कापलं जातं. हातमोजे, गाऊन अशा गोष्टी बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायला हवी; उशीर झाला की हॉस्पिटलातल्या टीपीए (विम्याचे दावे हाताळणाऱ्या) डेस्कवर या नियमाचा उल्लेख करा, फाइल हलते. निघताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी आणि स्टेपलर वापरला असेल तर त्याचा स्टिकर घ्या.

९. घरी आल्यावर

दुर्बिणीनंतर बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी येतात, चिरेनंतर दोन ते चार, फुटलेलं असेल तर आठवडाही जातो. दुर्बीणवाल्यांना पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो आणि घरचे हृदयाच्या शंकेने घाबरतात. उरलेल्या वायूने छातीखालचा पडदा चाळवतो, त्या पडद्याची नस खांद्याच्या नसांशी जोडलेली असते, म्हणून दुखणं खांद्यात वाटतं. चाललं की कमी होतं. दम लागला किंवा छातीत दाबल्यासारखं झालं तर मात्र ते खांद्याच्या खाती टाकू नका.

पेज, मुगाची खिचडी, इडली, मग दोन दिवसांत नेहमीचं जेवण. भात-डाळीने जखमेत पू होतो ही समजूत सोडा. पू जंतूंनी होतो, आणि भरून यायला प्रथिनं लागतात. टाके साधारण सात ते दहा दिवसांनी.

वजनाचा हिशोब मुंबईच्या मापात करा. भरलेली बादली दहा-पंधरा किलो, घरगुती गॅस सिलिंडर टाकीसकट तीसच्या आसपास. दुर्बिणीनंतर दोन आठवडे, चिरेनंतर चार ते सहा आठवडे यातलं काही उचलायचं नाही. पहाटे पाणी भरायचं काम दुसऱ्याने घ्यावं. जिने चढायला हरकत नाही, सावकाश. ऑफिसला बसून काम असेल तर दुर्बीणवाला आठवडा-दहा दिवसांत जाऊ शकतो, पण सकाळच्या विरार लोकलमध्ये कोपर पोटात बसतं. पहिले काही दिवस उशिराची गाडी किंवा घरून काम.

या गोष्टी दिसल्या तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका: १००.४ च्या वर ताप, वाढत जाणारं दुखणं, थांबत नसलेली उलटी, लाल होऊन गरम लागणारी जखम. आणि एक खूण लोक हमखास चुकवतात. पाचव्या-सातव्या दिवशी वारंवार थोडी थोडी शेमेसारखी शी होते, सारखं जावंसं वाटतं, लघवीला जळजळतं. घरचे म्हणतात, बाहेरचं खाल्लं असेल. ओटीपोटात गळू झालं की असंच होतं. सोनोग्राफी त्याच दिवशी करून घ्या.

काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत तपासणीला जातो. काही ठिकाणी डबी नातेवाइकांच्याच हातात देऊन लॅबमध्ये पोचवायला सांगतात. ती त्याच दिवशी पोचवा आणि पावती केसपेपरला टाचा. आठवड्याभराने रिपोर्ट आणा आणि सर्जनला दाखवा, पेशंट ठणठणीत असला तरी. शंभरात एखाद्यालाच, पण कधीकधी त्या तुकड्यात छोटी गाठ सापडते, आणि तिच्या आकारावरून पुढे आणखी काही करायचं का ते ठरतं.